डाव्या बाहीचं काम: चामड्याच्या रायडिंग जॅकेटच्या नोंदी

४ जून

कागलहून जॅकेट आलं. काळं, गाईच्या चामड्याचं, परदेशी बनावटीचं. आतल्या पट्टीवरचा शिक्का अजून वाचता येतो: ईएन १७०९२ (दुचाकीस्वारांच्या कपड्यांचं युरोपियन मानक), वर्ग एए. करूळ घाटात वळणावर खडी पसरली होती, बुलेट डावीकडे आडवी झाली आणि गडी तिच्यामागून घसरत गेला. कोपराला मुका मार, बाकी धडधाकट. जॅकेट मात्र डाव्या अंगाने सोलून निघालंय.

टेबलावर पसरून बघितलं. डाव्या कोपरावर तळहाताएवढा भाग खरवडलाय, वरचा ग्रेन, म्हणजे चामड्याचा बाहेरचा गुळगुळीत थर, उडून आतले तंतू दिसतात. बाहीच्या मागच्या लांब शिवणीचा वरचा टाका चार-पाच इंच साफ घासून गेलाय, पण आतली शिवण जिथल्या तिथे. खांद्याचा फक्त रंग गेलाय. कफाच्या चेनचा रनर गायब, कोपरापाशी अस्तर फाटलेलं, गळ्याच्या पट्टीचं टिचबटण चेपलेलं.

गेज लावून जाडी घेतली. धड जागी १.२ मिमी, कोपरावर सगळ्यात पातळ जागी ०.६. म्हणजे अर्धं चामडं रस्त्यावर राहिलं आणि अर्ध्याने हात वाचवला. पुढच्या वेळी घसरायला हे अर्धंच उरलंय, आणि ग्रेनच्या खालचे तंतू घट्ट असतात तिथपर्यंतचा भागच गेलाय. उरलेला भाग सैल आहे, त्यात दम नाही.

गिऱ्हाईक म्हणाला, "ताई, वरनं एक पॅच मारा की, झालं." सगळे हेच म्हणतात. खुर्चीच्या गादीला पॅच चालतो. कोपरावर वरून लावलेल्या पॅचची कड उभी राहते, तिचा टाका उघडा राहतो, आणि रस्त्याला पहिल्यांदा लागते ती तीच कड. टाका घासला की पॅच उचकटतो, खाली ०.६ मिमी. शिवाय पॅचच्या कडेने जुन्या पातळ चामड्यात नव्या भोकांची ओळ पडते ती वेगळीच. मी बाहीचं पूर्ण पॅनल, म्हणजे चामड्याचा तो अख्खा तुकडा, बदलणार असं सांगितलं. वेळ आणि पैसे दोन्ही जास्त. तो थोडा कुरकुरला, मग "करा" म्हणाला.

६ जून

उसवणं. अस्तर असलेल्या जॅकेटमध्ये शिरायचा दरवाजा बहुतेक वेळा बाहीच्या अस्तरातच असतो. कारखान्यात जॅकेट उलटं शिवून शेवटी त्या फटीतून बाहेर काढतात आणि फट वरून एका टाक्याने बंद करतात. इथे ती उजव्या बाहीत सापडली, साधारण वीतभर. ती उघडली की अख्खं जॅकेट आतून हाताशी येतं, खालची पट्टी उसवावी लागत नाही.

उसवण्याआधी उलट्या बाजूला चंदेरी पेनाने जुळणीच्या खुणा केल्या. दर दोन इंचांवर एक आडवी रेघ, दोन्ही पॅनलवर एकदम. बाही सरळ नळी नसते. कोपराशी वाकलेलीच कापलेली असते, बाहेरची बाजू लांब, आतली आखूड. खुणा नसतील तर शिवताना बाही पिळवटते आणि गाडीवर बसल्यावर कोपराचं आर्मर (आत बसवलेलं फोमचं संरक्षक पॅड) दंडाच्या आतल्या अंगाला जातं.

टाका ब्लेडने एक सोडून एक कापला, मग मागून दोरा ओढला. चामड्यात कापडासारखं नसतं. सुईने पाडलेलं भोक बुजत नाही, ते कायमचं. म्हणून जे पॅनल परत वापरायचंय त्याच्या कडेला एकही फालतू टोचा द्यायचा नाही, आणि नवी शिवण शक्यतो जुन्याच भोकांतून न्यायची. भोकं जवळजवळ पडली तर कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. इथले टाके ३ मिमीचे आहेत. त्याहून बारीक घातले तर दिसायला नाजूक, कामाला कमकुवत.

शिवण उघडल्यावर कंपनीचं काम दिसलं, आणि चांगलं आहे. आतून दोन पॅनल जोडलेत, जादाची पट्टी एका बाजूला घडी घालून वरून दुसरा टाका. रस्त्याने खाल्ला तो दुसरा टाका. पहिला घडीच्या आत लपलेला, त्याला रस्ता दिसलाच नाही. जॅकेट घ्यायला जाणारे चामडं चोळून बघतात, वास घेतात. शिवण उलटून कुणीच बघत नाही, आणि घसरताना आधी उघडते ती शिवणच.

९ जून

शेजारचे मामा कोल्हापूरच्या सुभाषनगरात आयुष्यभर कोल्हापुरी करत आले. जॅकेट बघून त्यांनी कपाटातून एक तुकडा काढला. "हे घे की. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावल्यालं हाय. चपलंला दहा वर्सं बघाय लागत न्हाई."

मी म्हटलं, मामा, उकळून बघूया.

दोन पट्ट्या कापल्या, बोटाएवढ्या, सारख्या मापाच्या. एक मामांच्या चामड्याची, एक जॅकेटच्या फाटक्या पॅनलची. चहाच्या पातेल्यात पाणी खळाखळा उकळल्यावर दोन्ही टाकल्या. मामांची पट्टी मिनिटभरात आक्रसायला लागली, दोन्ही टोकं वर उचलली आणि गुंडाळी झाली. बाहेर काढून गार झाल्यावर वाजवली तर टणटण. जॅकेटची पट्टी ओली होऊन तशीच पडून राहिली, माप बदललं नाही.

वनस्पतीच्या सालींत कमावलेलं चामडं साधारण ७०-८० अंशांना आकसायला लागतं. क्रोममध्ये कमावलेलं चांगलं झालं असेल तर उकळत्या पाण्यातही टिकतं, क्रोमियमचे क्षार तंतूंना तेवढे घट्ट बांधून ठेवतात. डांबरावर घसरताना चामडं तापतं. शिवाय जॅकेट घामाने भिजतं, पावसाने भिजतं, वाळतं, परत भिजतं. सालीचं चामडं त्यात कडक होत जातं. चपलेच्या तळव्याला तो कडकपणा हवाच असतो, बाहीला नको.

कापलेली कड बघूनही कळतं. क्रोमच्या चामड्याची कड मधोमध निळसर-करडी असते, सालीच्याची तपकिरी. मात्र काळ्या रंगात पार आतपर्यंत रंगवलेलं असेल तर कड काहीच सांगत नाही, मग पातेलं.

मामा गुंडाळी हातात फिरवत म्हणाले, "मग तुझं ते निळं चामडं घालून चप्पल कर नि चार म्हैनं घालून दाव." तेही खरंच.

१३ जून

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून धारावी. सायन-वांद्रे लिंक रोडच्या दुकानांत तयार बॅगा, पाकिटं, जॅकेटं मांडलेली असतात; कच्चा माल हवा तर आतल्या गल्ल्यांत शिरावं लागतं.

म्हशीचं चामडं भरपूर. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैलाची कत्तलही बंद झाली, म्हशीची चालू आहे, त्यामुळे दाखवायला आधी तेच काढतात. म्हशीचं वाईट नाही. जाड असतं, झिजेला चिवट, पण ग्रेन भरड आणि १.२ मिमीपर्यंत चिरून पातळ केलं की मूळच्या ताकदीतला बराच भाग चिरलेल्या थरात निघून जातो. या जॅकेटच्या बाकीच्या पॅनलशी ते दिसायलाही जुळणार नाही. गाईचं मागितल्यावर आतून चार गुंडाळ्या आल्या, दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे बंगालकडचा माल.

बघायचं कसं, तर आधी उलटी बाजू. सोलताना सुरी लागलेली असेल तर तिथे चीर असते, वरून पॉलिशखाली ती दिसत नाही. मग ग्रेन आत घेऊन दुमडायचं. बारीक, एकसारख्या सुरकुत्या आल्या तर घट्ट. मोठ्या, फुगीर, पापुद्रा सुटल्यागत आल्या तर सैल, तो पोटाकडचा भाग. मग दोन्ही हातांनी ताणायचं: कण्याच्या दिशेत कमी ताणतं, आडवं जास्त. पाठ आणि पुठ्ठा (जनावराचा मागचा भाग) हाच कोपर-खांद्याचा माल, पोट आणि पाय खिशांच्या आतल्या तुकड्यांना.

दुकानदार लायटर काढून "जला के देखो मॅडम" करत होता. रेक्झिन ओळखायला ते ठीक. चामडं चांगलं की वाईट हे त्यातून काहीच कळत नाही.

अर्धं कातडं घेतलं, मागे स्क्वेअर फुटांचा आकडा छापलेला. हवं होतं त्याच्या दहापट. पण पॅनलपुरता तुकडा कुणी कापून देत नाही, आणि दिलाच तर पोटाचा देतो.

१७ जून

पाऊस लागला. कटिंग.

खरवडलेलं डावं पॅनल साचा म्हणून वापरायचं नाही. ते वर्षानुवर्षं वाकून कोपराशी फुगलंय, वर घसरताना ओढलं गेलंय. साचा उजव्या बाहीवरून घेतला. पॅनल न उसवता कागद आतून लावून, कडेने आरीने टोचून ठसे घेतले, मग कागद उलटा केला. त्यावर डाव्या पॅनलच्या खुणा जुळवल्या. लांबीत डावं जवळजवळ ६ मिमीने वाढलं होतं.

कमी ताणणारी दिशा बाहीच्या लांबीत ठेवली. आडवी ठेवली असती तर हात वाकवून वाकवून बाही लांब होत जाते.

कापायला मामांची रापी, म्हणजे चामडं कापायची रुंद सुरी. फिरत्या चकतीचा कटर माझ्याकडे आहे, सरळ रेघेला बरा. कोपराच्या वळणावर रापीच. ती ढकलत कापते आणि चामड्याला ओढ बसत नाही.

कोपराखाली दुसरा थर घालतेय, त्याच चामड्याचा, बदामाच्या आकाराचा. मूळ जॅकेटला नव्हता. आत राहील, वरून दिसणार नाही.

२१ जून

दुसऱ्या थराची कड तासली, बाहेरच्या अर्ध्या इंचात शून्यावर आणली. न तासता लावली तर वरून कड उमटते, आणि उमटलेली कड आधी झिजते. काचेवर ठेवून, रापी जवळजवळ आडवी धरून, लहान लहान ढकल्यांनी. या कामात घाई केली की भोकच पडतं.

सोल्युशन (चामडं चिकटवायचा गोंद) दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबले. एरवी दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आज हवेत इतका दमटपणा आहे की अर्धा तास गेला. शिवणीच्या रेघेवर मात्र सोल्युशन लावलं नाही. सुई गरम होते, त्याला चिकटते आणि टाके चुकायला लागतात.

२४ जून

शिवण. खालचे दात, सुई आणि वरचा पाय असे तिन्ही एकत्र माल सरकवतात ती मशीन हवी. साध्या शिलाई मशीनवर वरचं पॅनल मागे राहतं आणि खालचं पुढे पळतं. बाहीच्या लांबीत अर्धा इंच फरक सहज पडतो. मोच्यांकडे लांब नळीची, फिरत्या पायाची मशीन असते, अरुंद जागी ती लाख मोलाची, पण तिचा टाका जॅकेटच्या मुख्य शिवणीला मी वापरत नाही. बॉबिन लहान, ताण सारखा राहत नाही.

दोरा बॉन्डेड नायलॉन, टेक्स ९० (दोऱ्याच्या जाडीचा आकडा). सुई २० नंबर, चामड्याची, धारदार टोकाची. गिऱ्हाइकाने कुठेतरी वाचून फोन केला: "केवलारचा दोरा घाला ना, बुलेटप्रूफ असतोय तो." ओढून तुटायला तो अवघड, खरं. पण तोच दोरा परत परत वाकला की एकमेकांवर घासून झिजतो, आणि उन्हाने कमजोर होतो. बाही दिवसभर वाकतच असते. नायलॉन थोडा ताणतो आणि परत येतो, शिवणीला झटका बसतो तेव्हा तेच हवं असतं. उन्हात कायम ठेवायच्या वस्तूला, गाडीच्या सीटला, पॉलिएस्टर लावते.

आधी उरलेल्या तुकड्यांवर चार थरांत चालवून बघितलं. गाठ दोन थरांच्या मधोमध बसली पाहिजे. वर दिसली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर कमी. कापडाच्या मशीनवर हे नखाएवढं मागेपुढे चालतं. इथे वर आलेली गाठ म्हणजे रस्त्याला पहिल्यांदा लागणारी गाठ.

मग आतली शिवण, जुन्या पॅनलच्या जुन्याच भोकांतून. एकेक टाका, हाताने चाक फिरवून. सुईचं टोक भोकात अलगद उतरलं की बोटाला कळतं, अडखळलं की थांबायचं, माल केसभर सरकवायचा. दीड फुटाच्या शिवणीला सकाळ गेली. नंतर जादाची पट्टी घडीत हातोडीने बसवली, पितळी तोंडाच्या, आणि वरचा टाका मोटरवर. काखेपाशी सहा थर एकत्र येतात. तिथे परत हाताने चाक.

दोऱ्याची टोकं जाळून चिकटवत नाही. तीन टाके मागे नेऊन, दोन्ही टोकं आत ओढून गाठ.

३० जून

कॉलेजचा एक मुलगा "लेदर जॅकेट" घेऊन आला. पाठ पापुद्रे सुटून गळतेय. कापडावर चिकटवलेलं पॉलीयुरेथेन, म्हणजे रेक्झिनचाच सुधारलेला भाऊबंद. त्याला रस्ता लागला की थर वितळून जातो, खाली उरतं बनियनचं कापड. शिवायला नकार दिला. दुरुस्त केलं तर तो ते घालून गाडी चालवेल, आणि माझ्या टाक्यावर विश्वास ठेवून चालवेल. हेल्मेटला आपल्याकडे आयएस ४१५१ हे भारतीय मानक सक्तीचं आहे. जॅकेटला तसं काहीच नाही, कुणीही कशालाही "रायडिंग जॅकेट" म्हणून विकू शकतं. त्याला म्हटलं, कॉलेजला घाल, गाडीवर घालू नकोस. रागावून गेला.

५ जुलै

चेन. कफाच्या चेनचे दात चांगले आहेत, रनर तेवढा गेलाय. रनरच्या मागे आकडा असतो, तो जुळला पाहिजे: कफाला ५ नंबर, पुढच्या मोठ्या चेनला ८ किंवा १०. आकडा एकच असून धातूच्या दातांचा रनर प्लास्टिकच्या दातांना चालत नाही. पुढची चेन मधेच उघडते अशी तक्रार होती. बहुतेकजण अख्खी चेन बदलायला सांगतात. दात झिजलेले नव्हते, रनरचं तोंड फाकलं होतं. दोन्ही रनर बदलले. पकडीने दाबून घट्ट करता येतं, पण ते गावाला पोचण्यापुरतं.

टिचबटणाचं डोकं बाजारात मिळतं त्यापेक्षा मोठं. माझ्या डायमध्ये (बटण ठोकायच्या साच्यात) ते बसत नाही, चेपतं. उद्यमनगरात लेथवाल्याला जुनं बटण नेऊन दाखवलं. त्याने उरलेल्या रॉडच्या तुकड्यातून दोन भागांची डाय चहा संपेपर्यंत काढून दिली, खोलगट भाग पॉलिशसकट. कोल्हापुरात हे एक बरं आहे. पैसे द्यायला गेले तर म्हणाला, "बुलेटवाल्याला माझ्याकडं पाठवा, पुलर करायचाय का विचारा."

१२ जुलै

आर्मर. कोपराचं काढून बघितलं. शिक्का ईएन १६२१-१ (हातापायांच्या आर्मरचं युरोपियन मानक), लेव्हल १. म्हणजे ५० ज्यूलचा आघात दिल्यावर पलीकडे पोचणारा जोर सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत. लेव्हल २ ला तोच २० च्या आत. फरक मोठा आहे आणि जाडीत तो फार दिसत नाही. पडताना हे आर्मर जागेवर होतं म्हणून मुक्या मारावर भागलं. पण एकदा जोरात मार खाल्लेलं परत वापरू नये. वरून धड दिसतं, आतला फोम चिरलेला असू शकतो.

नवीन मागवताना शिक्क्यात "टी+" आहे का ते बघायला सांगितलं. ते ४० अंशांनाही तपासलेलं असतं. हा मऊ फोम थंडीत कडक आणि उन्हात लिबलिबीत होतो. मे महिन्यात काळं जॅकेट घालून मिरज-सोलापूर करणाऱ्याला ४० अंश म्हणजे काही विशेष नाही.

पाठीच्या खिशात कंपनीने फोमची नुसती चटई घातलीय, कसलाही शिक्का नाही. खिसा भरलेला दिसावा म्हणून. तिथे ईएन १६२१-२ चं, म्हणजे पाठीच्या आर्मरच्या मानकाचं हवं, ते त्याने ऑर्डर केलंय. खिशाचं माप कागदावर काढून दिलं. आर्मर खिशात हललं तर नसल्यात जमा.

१६ जुलै

मापाला बोलावलं. दुकानात उभं राहून हात खाली सोडून बघितलं की प्रत्येक रायडिंग जॅकेट वाईटच दिसतं, बाही पुढे वाकलेली, पाठ लांब. म्हणून बाहेर गाडीवर बसवलं, हात हँडलवर. कोपराचं आर्मर बरोबर हाडावर. कफ ग्लव्हच्या आत दोन बोटं जातो. मूठ आवळून ॲक्सिलरेटर पूर्ण फिरवायला लावला, काखेत ओढत नाही. नवं पॅनल जुन्यापेक्षा चमकतं, आणि ते त्याला खटकलं. रंग घासून जुनं दाखवता येईल का म्हणाला. ग्रेन घासायला मी तयार नाही. हिवाळ्यापर्यंत आपोआप जुळेल.

अस्तराची फट बंद केली. शिक्क्याबद्दलही स्पष्ट सांगून ठेवलं. वर्ग एए हा मूळ जॅकेटला होता. माझ्या हातची बाही कुठल्या प्रयोगशाळेत गेलेली नाही, त्यामुळे शिक्का आता या बाहीबद्दल काही बोलत नाही.

२ ऑगस्ट

पावसाळ्याची गिऱ्हाइकं. सगळी बुरशीची. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पलंगाखाली, जून ते ऑगस्ट. चामड्याला हवा लागते. वरची पांढरी बुरशी कोरड्या फडक्याने बाहेर, दाराबाहेर झटकायची, घरात झटकली की बाकीच्या चपला-पट्ट्यांवर बसते. मग निम्मं पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, आधी आतल्या बाजूला थेंब लावून रंग सुटतो का बघायचं. वाळवायचं पंख्याखाली. उन्हात नाही, हीटरपुढे तर नाहीच. पूर्ण वाळल्यावर कंडिशनर, थोडंसं. एकाने खोबरेल तेल चोपडून आणलं होतं. चामडं मऊ झालं, पण टाक्यांच्या भोकांभोवती ढिलं, आणि वास खवट.

९ ऑगस्ट

कागलचा गडी परत आला, आता ग्लव्ह हवेत. पडताना तळहात आधी टेकतो, तेव्हा तळव्याच्या टाचेवर शिवण येता कामा नये. तळवा एका तुकड्याचा कापायचा, टाचेवर घसरणारी कडक प्लेट, म्हणजे हात रस्त्याला अडकत नाही, सरकतो. अडकला की मनगट मोडतं. चामडं बकरीचं, ०.८ मिमी, पातळ आणि तरी चिवट. धारावीच्या अर्ध्या कातड्यातून हे होणार नाही, ते बोटांना जाड. मनगटाची पट्टी इतकी घट्ट हवी की बंद केल्यावर ग्लव्ह ओढून निघू नये.

दोन्ही हातांचे ठसे कागदावर घेतले, बोटं सरळ आणि बोटं हँडलवर वाकवून. उजवं मधलं बोट डाव्यापेक्षा जाड आहे. साचे वेगळे निघतील. बकरीचं चामडं तामिळनाडूतल्या आंबूरहून मागवलंय, ते आल्यावर कटिंग.